एकाच खड्ड्यात दोनदा

हिंदुराव सांगलीच्या कॉलेजात आला तेव्हा तिशी ओलांडलेला बाप्या होता आणि वर्गातल्या पोरांना नुकतं मिसरूड फुटलेलं. शिराळ्याकडच्या ऊसवाल्या घरातला गडी. पलटणीत नाईक झाला, पासष्टची लढाई बघितली, मॅट्रिकही फौजेतच केली. सुटून आल्यावर घरचे म्हणाले, आता ऊस बघ. तर हा म्हणतो, न्हाई, मला शिकायचंय. आता बोला!

पोरं मागनं त्याला 'सुभेदार' म्हणायची, तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती. बाकीचे विषय तो घोकून मारून न्यायचा. संख्याशास्त्राशी मात्र त्याचं पहिल्यापासून वाकडं. ते शिकवणारे गद्रे सर त्याच्याहून वयानं लहान, काटकुळे, पण स्वभावानं गरीब.

एके दिवशी सरांनी विचारलं, "नाणं पाचदा उडवलं आणि पाचही वेळा छापा पडला. सहाव्यांदा काय पडेल?"

"काटाच!" पहिल्या बाकावरून हिंदुराव गरजला. "आमच्याकडं शेंबडा रंगरूट पण सांगंल, सर. तोफेचा गोळा एकाच खड्ड्यात दोनदा पडत न्हाई. म्हणून तर गोळा पडला की पळत जाऊन त्याच खड्ड्यात शिरायचं."

"हिंदुराव," सर म्हणाले, "मागं काय पडलं ते नाण्याला ठाऊक नसतं. गोळ्यालाही नसतं. छाप्याची शक्यता निम्मी, काट्याची निम्मी. आणि गोळा पडायला तो खड्डा काय, शेजारची जमीन काय, दोन्ही सारखीच."

हिंदुरावाचा चेहरा पांढराफटक पडला. तो उठला आणि न विचारता वर्गाबाहेर गेला.

कारणच तसं होतं. वडूजकडचा धुळा हा पलटणीतला त्याचा जिवाचा सोबती. लढाईत धुळा उघड्या रानात पालथा पडला होता आणि गोळे येतच होते. हिंदुरावच ओरडला होता, "धुळ्या, खड्ड्यात शीर!" धुळा शिरला आणि पुढचा गोळा नेमका तिथंच पडला. जीव वाचला, पण पाय गुडघ्यापासून गेला. आपण सांगितलं ते बरोबरच होतं, देवाच्या मनात नव्हतं, अशी समजूत घालून हिंदुरावानं दिवस काढले होते. समजूत कसली, डोंबलाची! धुळ्याच्या दारात जायची छाती त्याला एकदाही झाली नाही. आणि आज हा मास्तर म्हणतो, गोळा खड्डा टाळतच नाही. म्हणजे मित्राचा पाय आपणच घालवला की!

संध्याकाळी तो सरांच्या घरी गेला. "सर, तुमचं खोटं असंल तर आत्ता सांगा," म्हणाला आणि सगळं सांगून मोकळा झाला.

सरांनी उपदेश केला नाही. फरशीवर खडूनं चौकटी आखल्या, घरातून मूठभर जोंधळे आणले आणि म्हणाले, "डोळे मिटून एकेक दाणा टाका."

हिंदुराव टाकत गेला. डोळे उघडले तर कुठल्या चौकटीत तीन दाणे, कुठं दोन, कुठं एकही नाही. दाणा पडलेली चौकट दुसऱ्या दाण्याला हाकलतही नव्हती आणि बोलवतही नव्हती.

"म्हणजे मीच चुकलो," तो पुटपुटला.

"फौजेचं ते म्हणणं चुकलंच. पण आता हे सांगा, धुळा आधी पडला होता तिथं गोळा पडायची शक्यता किती?"

"तेवढीच."

"आणि गोळ्याच्या उडत्या कपच्यांपासून आडोसा कुठं जास्त? रानात की खड्ड्यात?"

"खड्ड्यात."

"मग तुम्ही त्याला वाईटात ढकललंत कुठं, हिंदुराव?"

एवढा दांडगा गडी, पण त्या जोंधळ्यांत बसून ढसाढसा रडला. छातीवरचा धोंडा उतरला म्हणतात ना, तसं झालं त्याला. सर बिचारे गांगरून पाणी आणायला धावले.

रविवारी त्यानं विट्यावरून वडूजची एसटी धरली आणि विचारत विचारत धुळ्याची वस्ती गाठली. धुळा अंगणात घोंगड्यावर बसून लोकर कातत होता, शेजारी कुबडी. हिंदुरावानं राम राम केला न केला, उभ्याउभ्याच सगळं ओकून टाकलं. आपण ओरडलो ते, चौकटी, जोंधळे, सगळं.

"झालं सांगून?" धुळा म्हणाला. "आरं, तू वरडलास म्हणूनच शिरलो मी. मग काय झालं? मला खांद्यावर टाकून मागं आणणारा पण तूच की! पाय गेल्याचं मी कवाच गिळलं, गड्या. पर इतकी वर्सं झाली, ह्यो हिंदुराव येत का न्हाई, माझं काय चुकलं, ह्येच मी बायकूला इचारत बसलो."

हिंदुराव तिथंच, घोंगड्यावर, धुळ्याला खेटून बसला. सोमवारचा गद्रे सरांचा तास बुडाला. बुडू दे की!