घंटीवाल्या मावशी

आमच्याकडे पोळ्या करायला मावशी यायच्या, पण त्यांच्या आधी त्यांच्या सायकलची घंटी यायची. वाटेवर चिटपाखरू नसलं तरी त्या ती सारखी वाजवायच्या. गंगापूर रोडच्या बसथांब्यापासून आमच्या कॉलनीपर्यंत दोन्ही बाजूंना ऊस आहे, आणि उसात बिबट्या असतो हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. "त्याला कळाया पाहिजे मी येतीये. अचानक गाठ पडली तर तोबी घाबरतो," मावशी म्हणायच्या.

त्या खेड्यातून सिटी बसने यायच्या. थांब्याशेजारीच भाड्याच्या सायकली होत्या. मोबाईलवर त्यांचं कुलूप उघडायला मावशी मुलीकडून शिकल्या होत्या. बसला सायकल जोडून मिळाली म्हणून त्यांना सकाळ-संध्याकाळ मिळून चार घरं करता यायची. पिशवीत स्वतःचं लाटणं असायचं. त्याला कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत.

मग एक दिवस कंपनीने सायकली उचलल्या. त्या जॉगिंग ट्रॅकजवळ नेऊन ठेवल्या, जिथे लोक पोट कमी करायला सायकल चालवतात. मी कंपनीला फोन केला, तर "मॅडम, मागणी तिकडे आहे," एवढंच उत्तर मिळालं.

मावशी चालत यायला लागल्या. चारातली दोन घरं सुटली. घंटी नाही म्हणून लाटण्याने डब्याचं झाकण बडवत यायच्या. कॉलनीतले हसायचे. "मावशी, वरात कुणाची?"

"माझीच. नवरदेव उसात बसलाय."

एकदा घरी पाहुणे होते, मावशींना उशीर झाला. दिवेलागण होत आली होती, म्हणून थांब्यापर्यंत मी सोबत निघाले. वळणावरची कुत्री रोज अंगावर येतात. त्या दिवशी एकही दिसेना.

"कुत्री कुठं गेली, ताई?" मावशी हळूच म्हणाल्या.

वारा नव्हता, तरी डावीकडचा ऊस हलला. मावशींनी माझा दंड घट्ट धरला.

"पळायचं नाय. वाकायचं नाय. मोठ्यानं बोलत राहा."

"काय बोलू?"

"कायबी. भाजीचे भाव सांगा."

मी मेथीचे, कोथिंबिरीचे, टोमॅटोचे भाव ओरडून सांगत चालले आणि त्या झाकण बडवत राहिल्या. उसातली सळसळ आमच्या बरोबरीने चालत होती. ऊस संपला तिथे ती थांबली. बाहेर काहीच आलं नाही. तेच जास्त वाईट होतं.

बस उभीच होती. पायरीवरून मावशी मागे वळल्या आणि त्यांनी लाटणं-झाकण माझ्या हातात कोंबलं. "तुम्हाला परत जायचंय."

मी रिक्षा करून परत आले. त्यांना रोज ती सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. थांब्यासमोरच्या खानावळीत त्यांनी काम धरलं होतं. "राग मानू नका, ताई. पोरीला माझ्याबिगर कोन हाय?"

"लाटणं नेऊन देते," मी म्हटलं.

"असू द्या. ती वाट आता तुमची हाय."

पोळ्या मी माझ्याच लाटण्याने करते. त्यांचं लाटणं दाराशी टांगलंय, झाकणासकट. दूध आणायला निघाले की बरोबर घेते. कॉलनीत आता कुणी हसत नाही.