जावयाच्या कार्डावरचा दहीभात

विमानतळावर फुकट जेवायला मिळतं असं कुणी मला सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. आणि ते फुकट नसतंच. कुणीतरी कुठंतरी पैसे भरलेले असतात. आमच्या वेळी ते जावयानं भरलेले होते, आणि घोळ तिथंच झाला.

आधी घरचं सांगते. आम्ही लातूरकडचे, रेणापूरजवळचे. मुलगा शेती बघतो. लेक नांदेडच्या विष्णुपुरीला इंजिनिअरिंग शिकली, नोकरीला लागली, लग्न झालं आणि नवऱ्याबरोबर आधी पुण्याला, मग पार कोचीनला गेली. लग्नाला नऊ वर्षं झाली, मूल नाही. आमच्याकडं रीत अशी आहे की लेकीला मूल झाल्याशिवाय आईबापानं तिच्या घरी जेवायचं नाही. आता पुष्कळांनी ती सोडली. आमच्या मालकांनी सोडली नाही. मालक म्हणजे माझे यजमान. मी लेकीकडं चहा प्यायचे, पोहे खायचे, कधी भातही खाल्ला. कुणी विचारलं तर खाल्ला म्हणूनच सांगायचे. मालक मात्र पुण्याला दोनदा गेले आणि दोन्ही वेळा समोरच्या खानावळीत जाऊन जेवून आले. लेक गॅलरीत उभी राहून बघायची. जावई बिचारा पेपर वाचल्यासारखं करायचा.

यंदा त्यांनी कोचीनला फ्लॅट घेतला. वास्तुशांत ठरली. लेक स्वतः आम्हाला न्यायला आली आणि आल्या आल्या बापाला म्हणाली, "आण्णा, पहिल्या पंगतीला तुम्ही बसायचं. दुसरं काही मागत न्हाई मी."

मालक म्हणाले, "येतो की. जेवायचं तिथं गेल्यावर बघू."

बघू म्हणजे नाही, हे घरातल्या मांजरालाही कळतं. त्यांनी त्याच दिवशी ज्वारी दळून आणली. आठ दिवस पुरेल एवढं पीठ, शेंगदाण्याची चटणी, डाळ, तिखट-मीठ सगळं एका मोठ्या बॅगेत भरायला लावलं. मला म्हणाले, "तिथं ज्वारी मिळत न्हाई. आपलं आपण करून खाऊ."

"लेकीच्या गॅसवर का चूल घेऊन येताव?" मी विचारलं.

ते पिठाच्या पिशवीचं तोंड बांधायला लागले. वाटेत खायला मी पहाटे उठून धपाटी केली, लसणाची चटणी घातली, फडक्यात बांधली.

जीपनं नांदेडला आलो. नांदेडच्या विमानतळावर मोठी बॅग पट्ट्यावर ठेवली, तिथल्या पोरीनं तिला चिठ्ठी चिकटवली आणि बॅग भिंतीतल्या भोकातून आत गेली. मला वाटलं, एसटीच्या टपावर टाकतात तसं टाकतात, उतरलं की देतात. म्हणून धपाटी मी त्याच बॅगेत वर ठेवली होती, हातात ओझं नको म्हणून. मालकांना साखरेचा आजार आहे. गोळी जेवणाच्या आधी घ्यायची असते. विमानात बसलं की धपाटं खाऊ असा त्यांचा हिशेब. त्यांनी नांदेडलाच गोळी घेतली, पाणी प्याले आणि विमानात बसल्यावर मला म्हणाले, "काढ."

"काय काढू?"

"धपाटं."

तेव्हा लेकीनं सांगितलं की बॅग विमानाच्या पोटात आहे आणि हैदराबादलाही मिळणार नाही. थेट कोचीनला मिळेल. विमानात खायचं विकत होतं. लेक पैसे काढायला लागली, तर मालकांनी हात आडवा केला. "भूक न्हाई," म्हणाले आणि ढगाकडं बघत बसले.

हैदराबादला उतरलो तर पुढच्या विमानाला उशीर. किती ते कुणी नीट सांगेना. लेक म्हणाली, "चला, लाउंजमध्ये बसू. तिथं खायला असतं."

काचेचं दार होतं. दाराशी एक पोरगी टेबल घेऊन बसली होती, लग्नात आहेर लिहून घ्यायला बसतात तशी. लेकीनं तिला कार्ड दिलं. ती म्हणाली, "मॅम, सर नहीं आए?" लेक म्हणाली, "नहीं, ये मेरे मम्मी-पापा हैं. कार्ड पे फॅमिली चलती है."

मालक निजामाच्या मुलखातले. हिंदी त्यांना माझ्यापेक्षा चांगली कळते. ते दारातच थांबले.

"कार्ड कुणाचं हाय?"

"यांचं," लेक म्हणाली.

"म्हंजे जावयाचं."

"आण्णा, बसा तरी आत. खुर्चीला कुठं रीत आडवी येती?"

खुर्चीत बसले. खुर्च्या अशा मऊ होत्या की बसलेलं माणूस परत उठेल याची खात्री नाही.

मी त्यांच्याजवळ बसून राहिले नाही. मला भूक लागली होती. भिंतीला लागून लांब ओटा होता आणि त्यावर झाकणाची भांडी ओळीनं. मी एकेक झाकण उघडून बघितलं. इडली होती, लहान लहान, आमच्या पेढ्याएवढी. उपीट होतं, त्यात काजू होते पण मीठ बेताचंच. राजमा होता, भात होता, कसलंतरी पिवळं वरण होतं. वरण बरं होतं. सूप म्हणून एक होतं ते भांडी विसळलेल्या पाण्यासारखं. पपईचे तुकडे, कलिंगडाचे तुकडे, बरणीत बिस्किटं, काचेखाली बोटाएवढे केक. आणि एका कोपऱ्यात दहीभात, वर मोहरी-कढीपत्त्याची फोडणी आणि चार डाळिंबाचे दाणे.

वाढायला कुणी नव्हतं. आपलं आपण घ्यायचं. लोक घेत होते पण खात नव्हते. एका कोटवाल्यानं ताट भरलं, दोन घास खाल्ले, बाकी तसंच ठेवून फोनवर बोलत निघून गेला. एका बाईनं केकचे फोटो काढले आणि केक तिथंच सोडला. आमच्या गावच्या पंगतीत असं कुणी केलं असतं तर वाढप्यानं त्याला पुढच्या लग्नापर्यंत ऐकवलं असतं.

दोसा करणारा माणूस टोपी घालून तव्यापाशी उभा होता. मला म्हणाला, "अम्मा, दोसा होना? नरम होना कि कडक?"

मी म्हटलं, "कडक करो. और तेल हात आखडके मत डालो."

तो हसला. "लातूर के तरफ के दिखते आप."

"कैसे पयचाने?"

"हमारी नानी उदगीर की थी. ऐसाच बोलती थी."

दोसा चांगला केला त्यानं. मी तो घेऊन आले आणि मालकांसमोर बसून खायला सुरुवात केली. मुद्दाम समोर बसले. मोडताना आवाज होत होता.

"तू खायलीस?" ते म्हणाले.

"मग काय बघायला आणलाय?"

"जावयाचं हाय ते."

"कार्ड बँकेचं हाय. त्याच्यावर बँकेचं नाव हाय. बँकेला लेक दिली न्हाई आपण."

लेक खाली मान घालून हसली. मालक हसले नाहीत. तेव्हा माझं लक्ष गेलं. त्यांच्या कपाळाला घाम आला होता. आत इतका गारवा होता की मी पदर लपेटून घेतला होता, आणि या माणसाला घाम. हात मांडीवर ठेवला होता तो थरथरत होता. गोळी पोटात जाऊन बराच वेळ झाला होता आणि अन्नाचा कण नव्हता; साखर उतरली होती.

टेबलावर चहासाठी साखरेच्या कागदी पुड्या होत्या. मी दोन फाडल्या आणि म्हटलं, "आ करा."

"अगं..."

"आ करा. साखर कुणाची ते मग ठरवू."

साखर तोंडात टाकली, वर पाणी पाजलं. लेक उभी राहिली होती, तिचा चेहरा उतरला होता. थोड्या वेळानं त्यांचा हात थांबला. मी म्हटलं, "आता गेली की जावयाची साखर पोटात. भातानं आणखी काय बिघडणार हाय?"

"औषध म्हणून घेतली ती. औषध जेवणात धरत न्हाईत."

एवढा आजारी माणूस, पण हे उत्तर तयार. ते खुर्चीचे दोन्ही हात धरून उठायला लागले. "मी बाहेरून माझ्या पैशानं बिस्किटाचा पुडा आणतो. तुमी खावा."

लेक म्हणाली, "आणा. तुमचे पैसे, तुमचं बिस्कीट. पण जायच्या आधी एक ऐकून जावा."

ते अर्धवट उठलेले, तसेच थांबले.

"आम्हाला आता मूल होणार न्हाई, आण्णा. दवाखाने लई केले. यंदा बंद केले. दोघांनी मिळून ठरवलंय. रडून न्हाई ठरवलं, बरं वाटलं ठरवल्यावर. नवं घर घेतलं ते त्याच्यामुळंच. तर तुमचं जे वाट बघणं चाललंय ना, मूल झालं की जेवीन म्हणून, ते व्हायचं न्हाई. मग तुम्ही माझ्या घरी कधीच जेवणार न्हाई का? हाव म्हणा न्हाईतर न्हाई म्हणा. तुम्हाला खानावळीत जाताना बघत पुन्हा गॅलरीत उभं राहणं माझ्यानं होणार न्हाई."

मलाही हे माहीत नव्हतं. दवाखाने चालू आहेत एवढंच माहीत होतं. मी दोसा खाली ठेवला.

मालक पुन्हा बसले. खुर्ची मऊ म्हणून बसले की बसायचं म्हणून बसले ते मला सांगता येणार नाही. समोरच्या काचेपलीकडं एक विमान ढकलत नेत होते, ते पार लांब जाईपर्यंत त्याच्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "जावयाला वाईट वाटलं का?"

"त्यांनीच आधी म्हटलं, बास करू म्हणून. मला सुया टोचलेल्या बघवत नव्हत्या त्यांना."

"शहाणा हाय," मालक म्हणाले. नऊ वर्षांत जावयाबद्दल एवढं कधी बोलले नव्हते. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "तिकडं त्या कोपऱ्यात काय हाय, पांढरं?"

"दहीभात," मी म्हटलं आणि उठायला लागले. लेकीनं मला खांद्याला धरून खाली बसवलं. "तू दोसा खा. मी आणते."

ती गेली. तिनं बशी घेतली, मग ती ठेवून मोठं ताट घेतलं. भात वाढला, बाजूला लोणच्याची फोड ठेवली, पाण्याचा ग्लास आणला. ताट त्यांच्यासमोर ठेवलं आणि उभीच राहिली, पंगतीत वाढणारी राहते तशी. मी म्हटलं, "बस खाली, लोक बघायलेत." ती बसली नाही.

मालकांनी आधी ताटाभोवती पाणी फिरवलं. त्या चकचकीत टेबलावर पाण्याचं वर्तुळ झालं, टेबल पुसणारा पोऱ्या फडकं घेऊन आला आणि बघून तसाच मागं फिरला. चमचा बाजूला सारून हातानं खाल्लं. पहिला घास खाऊन म्हणाले, "मीठ कमी हाय."

लेक पळत जाऊन मिठाची पुडी घेऊन आली. घेऊन येईपर्यंत निम्मा भात संपला होता. दुसऱ्यांदा वाढून घेतला तो मिठाशिवायच खाल्ला. मग लेकीनं स्वतःला इडल्या घेतल्या. त्या पेढ्याएवढ्या इडल्या तिनं किती खाल्ल्या ते मी मोजलं नाही, पण दोसावाला तिथून हात दाखवून हसत होता. मी पपई घेतली. पपई गोड होती. नंतर मशीनचा चहा प्याले, तो मात्र काही खरा नव्हता.

कोचीनला बॅग मिळाली. धपाटी जावयानं विमानतळावरच गाडीत बसून खाल्ली, चटणीनं नाक पुसत. वास्तुशांतीला मालक पहिल्या पंगतीला बसले. केळीच्या पानावर त्या लोकांचा जाड तांदळाचा भात, खोबऱ्याच्या भाज्या. खोबरं त्यांना आवडत नाही. सगळं खाल्लं, पान चाटूनपुसून. ज्वारीच्या पिठाच्या भाकरी मग लेकच रोज थापायची. तिच्या भाकरीला पापुद्रा येत नाही, ते मी तिला तोंडावर सांगितलं. मालक म्हणाले, चांगल्या होतात.

परत येताना आम्ही दोघंच होतो. लेकीनं वाटेत खायला डबा दिला होता, आपल्या घरी केलेल्या पुऱ्या आणि बटाट्याची भाजी. या वेळी डबा मी मांडीवरच ठेवला. हैदराबादला कार्ड नव्हतं, म्हणून बाहेरच्या लोखंडी खुर्च्यांवर बसलो. ते काचेचं दार समोरच होतं. मालकांनी गोळी घेतली, मी लगेच डबा उघडला. पुरी खाता खाता ते दाराकडं बघून म्हणाले, "आतला दहीभात बरा होता."

"मीठ न्हाई म्हणत होताव की."

"मीठ नव्हतंच," ते म्हणाले आणि डब्यातली आणखी एक पुरी उचलली.