हौदापाशी, पाणी टाकून

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही. देवापुढं उभा राहिलो आणि हे मनात आलं, तर घाईघाईनं दुसरंच काहीतरी मागून बाहेर पडतो. आज तुम्हाला का सांगतोय, ते मलाही ठाऊक नाही. सांगून छातीवरचं ओझं उतरेल, असं म्हणतात. मला तसं काही वाटत नाही. खरं सांगायचं तर काहीच वाटत नाही.

शेगडीपासून सुरू करतो. शेगडी म्हणजे स्वयंपाकघरातली नव्हे. कोळशावरची, स्टीलची, पाय दुमडून गाडीच्या डिकीत बसणारी. ऑनलाइन मागवलेली. मीना, माझी बायको, तिला 'सवत' म्हणायची, इतका मी तिला पुसत बसायचो. खोक्यात एक माहितीपत्रक होतं. ते मी घरात सगळ्यांना उभ्यानं वाचून दाखवलं होतं, मास्तरासारखं. बंद खोलीत पेटवू नये. वाळल्या गवतापासून लांब ठेवावी. वारं असेल तर पेटवूच नये. आणि काम झाल्यावर विस्तवावर पाणी ओतावं, हलवावं, पुन्हा पाणी ओतावं, हाताला गार लागेपर्यंत. मातीनं झाकू नये — मातीखाली विस्तव तासन्‌तास जिवंत राहतो आणि वरून दिसत नाही.

हे मला पाठ होतं. एवढं लक्षात ठेवा. पुढं मी काहीही सांगितलं, तरी मला माहीत नव्हतं असं समजू नका.

आम्ही पुंडलिकनगरला राहतो. पहिल्यांदा शेगडी पेटवली ती इमारतीच्या गच्चीवर. वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या साड्यांना धुराचा वास लागला आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठराव झाला — गच्चीवर जाळ करायचा नाही. मग एका रविवारी हर्सूल तलावाकडं गेलो. कोळसा धरतोय तोवर रखवालदार आला. इथं मनाई आहे म्हणाला. पाटीही दाखवली. मी त्याच्याशी हुज्जत घातली, वाळूजला कंपनीत परचेसला आहे हेही सांगितलं — त्याचा काय संबंध होता? त्यानं शांतपणे समोर उभं राहून सगळं विझवायला लावलं. मला तो अपमान वाटला. घरी येताना मी मीनाला म्हणालो, आता आपल्या माणसांच्या शेतातच पेटवू, तिथं कोण विचारतंय?

आपली माणसं म्हणजे माझी आत्या आणि तिचा मुलगा दत्ताभाऊ. हर्सूलच्या पुढं, फुलंब्रीच्या रस्त्याला त्यांचं शेत. माझं सगळं कॉलेज आत्याच्या घरी झालं. माझा डबा ती करायची, माझे कपडे ती धुवायची, आणि दत्ताभाऊ — माझ्याहून दोन वर्षांनी मोठा — मला सायकलवर डबलसीट सोडायचा. दरवर्षी थंडीत ज्वारी हुरड्यावर आली की त्याचा फोन यायचा. "ये रं संजू, आगटी लावली." आगटी म्हणजे जमिनीत केलेला खड्डा, त्यात गोवऱ्यांचा विस्तव. त्यात कणसं खुपसायची, गरम गरम हातावर चोळायची, आणि शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. वर्षानुवर्षं असंच चालत आलेलं. शेवटी आगटीवर माती लोटायची. तेही चालत आलेलं.

त्या वर्षी मी शेगडी घेऊन गेलो. पनीर घेतलं, मक्याची कणसं घेतली, आणि पायात नवे पांढरे बूट होते. बुटांचं मुद्दाम सांगतोय.

दत्ताभाऊ हसला होता. "हुरड्याला आलाय का हाटेल टाकायला?" आत्यानं मात्र पनीरचा तुकडा खाल्ला आणि चांगलं लागतंय म्हणाली. तिला साखर होती, बऱ्याच वर्षांची. तळपायाला काही कळत नाही, हे डॉक्टरांनी सांगितलेलं. अनवाणी चालायचं नाही, घरातसुद्धा. ती ऐकायचीही. चपला सोडायची फक्त एका जागी.

आमच्यात शेतातून निघताना म्हसोबाला हात जोडल्याशिवाय वाट धरत नाहीत. आणि त्याच्यापुढं कुणी चपला घालून जात नाही. शेंदूर लावलेला दगड, लिंबाच्या झाडाखाली. मलाही हे लहानपणापासून माहीत. माझी गाडी मी त्याच लिंबाच्या सावलीत लावली होती.

दुपार कलली. मला निघायची घाई झाली होती. घाई कसली? काही नाही — रविवार संध्याकाळची गर्दी टाळायची होती, एवढंच. शेगडीत कोळसा अजून लाल होता. दत्ताभाऊ लांबून ओरडला, "हौदात पाणी हाय बघ." हौद लिंबाच्या पलीकडं, हाकेच्या अंतरावरसुद्धा नाही, त्याहून जवळ. पण हौदाभोवती चिखल होता. गुरं पाणी पिऊन गेली होती. आणि माझे बूट नवे होते.

मी गाडीच्या आड शेगडी उलटी केली. वाटेवरच. पायानंच माती लोटली आणि बुटानं दाबली. तळपायाला ऊब लागली — बुटाच्या जाड तळातूनही लागली. मी अजून थोडी माती लोटली. शेगडी रिकाम्या पोत्यात गुंडाळून डिकीत टाकली.

एवढंच झालं असतं तर ती चूक म्हणता आली असती.

आत्या म्हसोबाच्या पाया पडून परत आली आणि बाजेवर बसली. तिला काही झालेलं नव्हतं, म्हणजे तिला तसं वाटत होतं. मीनाला आधी जळका वास आला. मग तिनं आत्याचा पाय वर उचलून बघितला आणि तोंडावर हात ठेवला. आत्या चपला सोडून, मी लोटलेल्या त्याच मातीवर हात जोडून उभी राहिली होती. नेहमीसारखी, डोळे मिटून. घरातल्या सगळ्यांची नावं घेत घेत. तिची यादी लांब असायची, माझंही नाव त्यात असायचं.

"मला काय नाय झालं, उगी बोंबलू नका," ती म्हणत होती. दत्ताभाऊ बादलीनं तिच्या पायावर पाणी घालत होता. मी म्हणालो, गाडी वळवून आणतो.

आणि मी गाडीपाशी गेलो — आता ऐका. गाडी वळवली नाही. आधी फावडं घेतलं. गोवरीची राख मऊ आणि करडी असते, कोळशाचे खडे राहतात. खडे सापडले की कुणाच्याही लक्षात आलं असतं, हे आगटीतलं नाही. मी माती उकरली. त्यात तिच्या पावलाचा ठसा होता. खडे फावड्यावर घेतले, हौदाकडं पळत गेलो आणि पाण्यात टाकले. फुस्स आवाज झाला. दोन खेपा केल्या. चिखलात बूट घोट्यापर्यंत भरले. तिकडं आत्या पाय धरून बसली होती, सगळे गाडीची वाट बघत होते, आणि मी कोळसे वेचत होतो.

दवाखान्याच्या व्हरांड्यात दत्ताभाऊनं मला विचारलं. संशयानं नव्हे, नुसतं विचारलं. "तुझ्या शेगडीतला विस्तव कुठं टाकलास रं?"

"हौदापाशी. पाणी टाकून."

त्यानं खाली माझ्या बुटांकडं बघितलं. बुटांवर हौदाचा चिखल वाळलेला होता. त्यानं मान हलवली आणि म्हणाला, "मग आगटीतलाच. मीच नीट माती लोटली नाय. कुत्र्यानं उकरला असंल, नायतर कुणाच्या पायानं गेला असंल." आणि भिंतीला डोकं टेकून बसला.

मी त्याच्या शेजारी बसलो. त्याच्या पाठीवर हात ठेवला. हातसुद्धा ठेवला मी.

जखम भरली नाही. साखरेच्या माणसाची भरत नाही पटकन, हे सगळ्यांना माहीत असतं. आधी दोन बोटं गेली. मग अर्धं पाऊल. मग गुडघ्याखाली. दर वेळी मी दवाखान्यात होतो. डबे नेले, डॉक्टरांशी बोललो. नातेवाईक म्हणायचे, भाचा असावा तर असा. करून सवरून नामानिराळा राहणं म्हणजे काय, ते मला कुणी शिकवायला नको. मला त्या कौतुकाचंही काही वाटायचं नाही. सुरुवातीला वाटायचं बहुतेक. कधी थांबलं ते आठवत नाही.

दत्ताभाऊनं आगटी बंद केली. हुरड्याचं नाव काढलं की तो उठून जायचा. चहाचा स्टोव्ह विझवला तरी त्याला हात लावून बघायचा. आत्याला संडासला, आंघोळीला तोच उचलून न्यायचा, बायकोला करू द्यायचा नाही. आत्यानं काही बोलायला तोंड उघडलं की म्हणायचा, "बोल आये, बोल, माझ्यामुळंच झालंय." आणि ती पुढं बोलायच्या आत उठून जायचा. हे माझ्यासमोर झालंय, एकदा नव्हे. मला तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं. कठीण वाक्यही नव्हतं. मी ते तोंडात घोळवायचो आणि चहा प्यायचो.

गेल्या वर्षी आत्या गेली. जाण्याच्या आधी काही दिवस तिनं मला एकट्याला जवळ बसवलं. मला वाटलं, तिला माहीत आहे. तिनं त्या दिवशी वाटेवरून जाताना माझी गाडी बघितली असेल, ताजी माती बघितली असेल. घाम फुटला मला. आणि खोटं कशाला सांगू, थोडं बरंही वाटलं. आता ती बोलेल आणि हे संपेल.

ती म्हणाली, "दत्ता लई मनाला लावून घेतो. त्याला सांग, माझ्या मनात काय नाय. म्या त्याला कधीच दोष दिला नाय. माझं ऐकत नाय तो, उठून जातो. तू सांग. तुझं ऐकंल."

मी म्हणालो, सांगतो.

आणि सांगितलं. तिच्या दहाव्याला, नदीवरून परत येताना. मी दत्ताभाऊला बाजूला घेतलं आणि म्हणालो, आत्यानं तुला माफ केलंय. तिच्या मनात काही नव्हतं. त्यानं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि लहान पोरासारखा रडला. वाटेवरची माणसं थांबून बघायला लागली. "तू सांगितलंस म्हणून बरं झालं," म्हणाला. मी त्याला पाणी दिलं. जे त्यानं केलंच नव्हतं, त्याची माफी त्याला माझ्या हातून मिळाली. ती माझी होती. ती मी त्याला दिली, आणि वर त्यानं माझे आभार मानले.

तुम्ही म्हणाल, निदान तेव्हा तरी. हो. तेव्हा तरी.

या थंडीत त्याचा फोन आला. "ये रं संजू, आगटी लावली." इतक्या वर्षांनी. मी गेलो. शेगडी नेली नाही, ती मीनानं केव्हाच भंगारात दिली. लिंब आहे, म्हसोबा आहे, हौद आता सिमेंटचा केलाय, भोवती चिखल नसतो. हुरडा खाल्ला. चांगला होता. दत्ताभाऊ पुष्कळ बोलला, हसलाही. मीना परत येताना म्हणाली, भाऊजी माणसांत आले.

निघायच्या वेळी त्यानं आगटीवर माती लोटली नाही. हौदातून बादली आणली आणि ओतली. काठीनं हलवलं, पुन्हा ओतली. मग खाली बसला आणि त्या काळ्या चिखलात तळहात दाबून धरला. बराच वेळ. मग माझं मनगट पकडून माझाही हात तिथं ठेवला.

"बघ तू पण. झालं ना गार?"

गारच होतं. मी म्हणालो, "व्हय."