सरड्याचा दगड

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सांगलीला विश्रामबागेतल्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकत होतो. एकदा प्रॅक्टिकलच्या तासाला बोलून गेलो, की आमच्या साताऱ्याकडच्या पठारावर एक सरडा गळ्याखाली पंखा उघडतो. निळा, काळा, नारिंगी. सगळे हसले. सर म्हणाले, "आणून दाखव." खोलीवरचे मित्र तर येता-जाता ऐकवायचे, सरड्याची धाव कुंपणापर्यंत. मी मुळातच तापट. उन्हाळ्याच्या सुट्टीत फॉर्मॅलिनची बाटली घेऊनच गावी गेलो.

पठारावर तेव्हा कुसळं आणि तापलेला कातळ. आई तिथल्या दगडांवर शेणी वाळत घालायची. एक उंच दगड मात्र सोडायची, कारण ऊन चढलं की तो सरडा त्यावर येऊन बसायचा. वीतभर अंग, रंग मातीचा. नजरेत भरायचाही नाही. मग मान उंचावून गळा फुलवायचा, आणि सगळ्या करड्या माळावर तेवढाच निळा तुकडा चमकायचा. लहानपणी आईच्या पाटीशेजारी उकिडवा बसून मी ते तासन्‌तास बघितलंय. तसं सुख पुढं फारसं मिळालं नाही.

आईनं बाटली बघितली. "कशाला रं ही?"

"त्याला कॉलेजात दाखवायचाय."

"मरंल की त्यो."

दुसऱ्या दिवशी ती पाण्याला गेल्यावर मी सरड्यावर टॉवेल टाकला. मादीपुढं गळा फुलवण्यात तो इतका दंग होता, की पळालाही नाही.

कॉलेज उघडल्यावर सरांनी बाटली उजेडात धरली. रंग पार उतरला होता, गळ्याची कातडी मिटून पांढुरकी झाली होती. "साधाच सरडा आहे," म्हणाले. रागावलेसुद्धा नाहीत.

दिवाळीला हे आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग तुमच्या सरास्नी हितं यायला काय झालं हुतं?"

एसटीनं अर्ध्या दिवसाची वाट. मला ते सुचलंच नव्हतं. फार लाज वाटली.

पुढच्या उन्हाळ्यात पठारावर गेलो, तर सगळ्या दगडांवर शेणी आणि तो एक दगड मोकळा. म्हटलं, "आई, आता कशाला सोडलास?"

"यील की दुसरा."

ऊन डोक्यावर येईपर्यंत मी तिथं बसलो. कुणी आलं नाही.