अंबाडीच्या उमेदवाराचं नाव

राघो जॉबर, म्हणजे लूमवरचा मुकादम, हाताचा गुणी आणि तोंडाचा फाटका. आमच्या भिवंडीच्या लूमच्या कारखान्यात शिकायला येणाऱ्या उमेदवारांना त्याने कधी नावाने हाक मारली नाही. "ए टेमघर, धागा तुटलाय बघ!" "ए अंबाडी, झोपलास काय?" ज्याचं जे गाव, तेच त्याचं नाव. लूमच्या खडखडाटात दुसरं ऐकू येत नाही, असं तो म्हणायचा. मला विचाराल तर तो निव्वळ माज होता.

अंबाडीचा तरुण दोन वर्षं त्याच्या हाताखाली होता. त्याच्या आईने डब्यात दिलेलं वालाचं बिरडं राघोने कितीदा मिटक्या मारत खाल्लं होतं.

चौऱ्याहत्तरच्या सुमाराला बोलवा उठली की नवा कायदा येणार. कारखान्यात शिकणाऱ्या प्रत्येकाची सरकारात नोंद राहणार. त्याआधी माहिती गोळा करायला एक साहेब आले. ज्याची नोंद होईल त्याला दाखला, आणि दाखल्यावर कल्याणच्या एका गिरणीत पक्की नोकरी. अंबाडीचा सगळा जीव त्या नोकरीत होता.

लूम बंद झाले. शेठ येऊन उभे राहिले. उमेदवाराची ओळख शिकवणाऱ्यानेच पटवायची होती.

"याचं नाव?" साहेबांनी राघोला विचारलं.

"अंबाडी," राघो बोलून गेला.

"गाव नको. नाव सांगा."

सगळी शिफ्ट बघत होती. 'ठाऊक न्हाय' एवढंच म्हणायचं होतं, पण राघोची जीभ उचलेना. शेवटी त्याने ठोकून दिलं, "रामू."

"रामूच ना रे?" साहेबांनी त्या तरुणाला विचारलं.

त्याने एकदा राघोच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "व्हय साहेब."

नेम बरोबर लागला असं राघोला वाटलं. टपरीवर चहा पिताना गडी मिशीला पीळ देत होता.

दाखला आला तेव्हा अंबाडी तापाने घरी पडला होता. राघो स्वतःच एसटीत बसला. जरा मिरवायचंही होतंच. अंबाडीच्या नाक्यावर त्याने रामूचं घर विचारलं. कोणाला सांगता येईना. भिवंडीला लूमवर शिकतो तो, म्हटल्यावर एक म्हातारा हसला. "अरे, तो तर मैनाबाईचा नवशा!"

मैनाबाईने वस्ताद आले म्हणून पायावर पाणी घातलं. तिची आधीची तिन्ही पोरं पाळण्यातच गेली होती. मग देवीला नवस बोलली, तेव्हा हा जगला. "म्हनून नवशा. तुमी पन नवशाच म्हनता ना?"

राघोच्या खिशात 'रामू' नावाचा दाखला होता.

"व्हय आये," आतून अंथरुणातून आवाज आला. "नवशाच म्हनतात."

ते ऐकून राघोला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या पोराने भरल्या शिफ्टमध्ये त्याची अब्रू राखली होती आणि आता आईसमोरही राखत होता. दाखला नवशाच्या हातात देऊन तो परतला आणि दुसऱ्याच दिवशी ठाण्याच्या सरकारी कचेरीत गेला. मी खोटं बोललो, असं पहिल्यांदाच त्याने परक्या माणसासमोर कबूल केलं. कारकुनाने मान वर केली नाही. यादी पुढे गेली होती. नाव कसं बदलायचं ते कायदा झाल्यावर ठरणार होतं. नोकरी कायद्यासाठी थांबणार नव्हती. नवशा रामू म्हणून गिरणीत लागला.

पावसाळा सरता सरता मैनाबाई आमच्या कारखान्याच्या दारात आली. हातात डबा, डोळे सुजलेले. गिरणीवर लेकाला भेटायला गेली होती, तर वॉचमन म्हणाला, नवशा नावाचा इथे कोणी नाही.

"वस्ताद, तुमी चला," ती राघोला म्हणाली. "तुमाला त्याचं नाव ठावं हाय."

राघो तिच्यासोबत निघाला. तुम्हीही चला म्हणून तिने माझ्याकडेही हट्ट धरला, म्हणून मीही सोबत गेलो. गिरणीच्या फाटकाशी मैनाबाई पदर सावरून आशेने त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

राघोने मान खाली घातली आणि वॉचमनला म्हणाला, "रामूला बोलव. याच त्याच्या आई."