एका हाताची गाडी

रविवार सकाळ, कोहमारा. हजर : मी, गाडी चालवणारा नवरा आणि मागे सासूबाई. ट्रक ओलांडताना अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबला की आमची नवी एसयूव्ही डावीकडे ओढायची. माझा जीव मुठीत.

ढाब्याशेजारच्या मेकॅनिकने बॉनेट उघडलंच नाही. खर्र्याने, म्हणजे पुडीत घोटलेल्या सुपारी-तंबाखूने, गाल फुगवून तो माझ्या जागी पुढे बसला आणि नवऱ्याला एक चक्कर मारायला लावली.

"काऊन ओढून राहिली?" नवऱ्याने विचारलं.

"पुढच्या चाकायवर जोर पडला का ओढतेच, भाऊ. हळू दाबा, अन् दोन्ही हात ठेवा."

"मंग खर्रा कोन घोटन?"

मेकॅनिक गंभीर झाला. अडचण त्याला मनापासून पटली. नवऱ्याच्या डाव्या हातातली पुडी घेऊन त्याने मागे दिली. "आई, तुमी घोटा."

गाडी आता सरळ जाते. सासूबाईंना मात्र खर्र्याची चव लागली आहे. ती सवय सोडवायचं काम बाकी आहे.