सोसायटीच्या वेबसाइटवर तिचा पत्ता उघडा होता

मंडळी, आज सकाळी आमच्या हडपसरच्या सोसायटीत जे घडलं, ते डोक्यातून जात नाहीये.

माझ्या शेजारी एकजण भाड्याने राहायची. तिला वर्षा म्हणूया. मारहाण करणाऱ्या नवऱ्याला सोडून ती इथे आली होती. पत्ता तिने आईलाही सांगितला नव्हता. आज तो नवरा थेट तिच्या दारात उभा! आम्ही सगळे धावत गेलो, तर हसत म्हणाला, "तुमच्या वेबसाइटवरच सापडली की!"

मी वेब डेव्हलपर आहे. लगेच मोबाइलवर बघितलं. पहिलं पान पासवर्ड मागत होतं, पण रहिवाशांच्या पानाची लिंक टाकली की लॉगिनशिवाय सगळं उघडत होतं. नाव, फ्लॅट, फोन नंबर.

त्याला बाहेर काढल्यावर सेक्रेटरींना ते दाखवलं.

"अहो, पासवर्ड आहे ना! ती लिंक बाहेरच्याला कशी कळणार?"

"काका, गूगलवर तिचं नाव टाकलं तरी येतंय."

"बरं, पुढच्या मीटिंगमध्ये विषय घेऊ."

दुपारी वर्षा बॅगा भरत होती. मी म्हणाले, "ते पान मी आजच बंद करायला लावते."

"त्याने पाहिलंय ताई. आता बंद करून काय?"

कुठे जाणार, हे तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

नव्या जागीही तिची नोंद अशाच कुठल्यातरी वेबसाइटवर होणार. तिने तिथे काय नाव सांगावं? मला खरंच काही सुचत नाहीये. तुम्हाला सुचतंय?